टेस्ट हिरवी आली, पण तपासलं काय? पायथन २ च्या जुन्या टेस्ट पायथन ३ वर आणताना

२०२४ मधली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास टीममधला सगळ्यात नवा मुलगा उघडा लॅपटॉप हातात धरूनच माझ्या टेबलापाशी आला. "ताई, झालं! ४१२ टेस्ट, एकूण एक हिरव्या."

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या, जुन्या पायथन २ मधल्या टेस्ट पायथन ३ वर आणायचं काम होतं. त्यासाठी तीन आठवडे धरले होते, पठ्ठ्याने चार दिवसांत संपवलं. आनंद व्हायला हवा होता. पण टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढल्यावर पहिल्याच फटक्यात सगळं हिरवं आलं की आधी शंका येते, कौतुक नंतर.

"बस जरा," म्हटलं. व्याजाचा हिशेब करणारी फाइल उघडली. सूत्रात शेवटी १२०० ने भागलं होतं, तिथे मुद्दाम १२ लिहिलं, म्हणजे व्याज सरळ शंभरपट. टेस्ट पुन्हा चालवल्या. ४१२ हिरव्या. पतसंस्थेच्या खातेदाराला २९१ रुपयांच्या जागी एकोणतीस हजारांवर व्याज मिळत होतं आणि आमच्या टेस्टचं म्हणणं होतं, सगळं ठीक आहे.

हे असं का होतं ते समजून घ्यायचं, तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

काटा आणि वजन

टेस्ट स्क्रिप्ट म्हणजे एका प्रोग्रामला प्रश्न विचारणारा दुसरा छोटा प्रोग्राम. प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. दहा हजार रुपये, सात टक्के दर, पाच महिने, व्याज किती? प्रोग्रामने दिलेलं उत्तर आपल्याकडच्या उत्तराशी जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल. दुकानातला काटा बरोबर आहे का हे बघायला प्रमाणित वजन ठेवतात, तसंच हे. काटा म्हणजे मूळ कोड आणि वजन म्हणजे टेस्ट.

आता गंमत अशी की मूळ कोड ज्या भाषेत असतो, टेस्टही बहुधा त्याच भाषेत असते. भाषेची आवृत्ती बदलली की काटाही बदलतो आणि वजनही. दोन्ही एकाच वेळी हलली की नक्की काय चुकतंय हे कळायला काहीच स्थिर उरत नाही. कोड नव्या आवृत्तीवर आणताना टेस्टचा आधार असतो. टेस्ट आणताना मात्र आधार कशाचाच नसतो.

पायथनच्या बाबतीत हा बदल जरा जास्तच मोठा होता. गिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत या भाषेचं काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. पुढच्या काळात साठलेल्या काही चुका एकदाच्या निस्तरायच्या असं ठरवून ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० काढलं, आणि त्यात जुना कोड जसाच्या तसा चालणार नाही हे जाणूनबुजून मान्य केलं. लोकांनी अर्थातच जुनं सोडलं नाही. २०१० मध्ये आलेल्या २.७ वर सगळे ठाण मांडून बसले. २.७ चा आधार २०१५ ला संपायचा होता, तो वाढवून २०२० करावा लागला. शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये निघालं आणि दुकान बंद झालं.

तरीही २०२४ मध्ये आम्ही हे काम का करत होतो? कारण सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती, त्यात पायथन २.७.५ आयतं येतं आणि चाललेल्या गाड्याला कोणी हात लावत नाही. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली. सर्व्हर बदलणं भाग पडलं, मग पायथनही. अशी किती तरी कामं त्या वर्षी गावोगावच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात पडली असणार.

आरडाओरडा करणाऱ्या चुका

या लवकर आटोपतात. पायथन २ मध्ये प्रिंट ही एक आज्ञा होती, पायथन ३ मध्ये ते फंक्शन झालं, म्हणून कंस घालावा लागतो. अपवाद पकडताना पूर्वी स्वल्पविराम चालायचा, आता 'ॲज' लिहावं लागतं. रॉ_इनपुट जाऊन इनपुट आलं. डिक्शनरी म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा साठा, तिचं हॅज_की गेलं. यातलं काहीही राहिलं तर पायथन ३ लगेच कोकलतं, ओळ क्रमांकासकट सांगतं. अशा चुकांना घाबरायचं कारण नाही. टू-टू-थ्री नावाचं अवजार त्यातल्या बहुतेक आपोआप बदलून देतं. फक्त हे अवजार पायथन ३.१३ पासून काढून टाकलंय, त्यामुळे त्याच्यासाठी आधीची एखादी आवृत्ती हाताशी ठेवावी.

टेस्टच्या खास शब्दांचंही तसंच. युनिटटेस्ट या पायथनसोबत येणाऱ्या टेस्टच्या साधनात 'असर्ट' म्हणजे उत्तर पडताळणारी आज्ञा, आणि तिच्यात एकाच कामाला दोन-दोन नावं होती. असर्टइक्वल आणि असर्टइक्वल्स, असर्टट्रू आणि फेलअनलेस. जादाची नावं वापरू नका अशी सूचना वर्षानुवर्षं येत होती आणि आपण ती वर्षानुवर्षं वाचत नव्हतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ ने ती नावं खरोखरच काढली. म्हणून "आम्ही पायथन ३ वर कधीच आलोय" म्हणणाऱ्यांच्या टेस्टही ३.१२ वर धडाधड पडल्या. शोधा-बदला करून अर्ध्या तासाचं काम आहे. एक मात्र लक्षात ठेवा: असर्टआयटम्सइक्वल याचं नवं नाव असर्टकाउंटइक्वल आहे. नावावरून ते फक्त संख्या मोजतं असं वाटतं, पण ते दोन्ही यादींतले घटक तेच आहेत ना, हे क्रम बाजूला ठेवून तपासतं. इतकं दिशाभूल करणारं नाव कोणाला सुचलं असेल देव जाणे.

झीरो एक्स ई झीरो

इथे मात्र थांबूया, कारण हे दुखणं आपलं आहे. पायथन २ मध्ये मराठी मजकुराशी ज्याचा संबंध आला, त्याने एक वाक्य नक्की पाहिलंय: 'आस्की कोडेक'ला बाइट 'झीरो एक्स ई झीरो' वाचता येत नाही. हा झीरो एक्स ई झीरो कुठून येतो? अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी हाच. म्हणजे देवनागरीचा जणू उंबरठाच. पायथन २ तिथेच अडखळून पडायचं.

कारण साधं आहे. पायथन २ मधली नेहमीची स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) ही अक्षरांची नव्हतीच, ती बाइटची माळ होती. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर पायथन २ सांगायचं १५. पायथन ३ सांगतं ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आणि आपण वाचतो तेव्हा अक्षरं दिसतात तीन. पायथन ३ चं उत्तरही आपल्या डोळ्यांशी जुळत नाही, पण निदान ते चिन्हांच्या हिशेबात तरी बोलतं.

आमच्या खातेउताऱ्यात नावाचा रकाना ३० चा होता. कोड म्हणायचा, नावाचे पहिले ३० घ्या. इंग्रजीत ३० म्हणजे ऐसपैस. देवनागरीत ३० बाइट म्हणजे दहा चिन्हं. आता 'ज्ञानेश्वर' मोजा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बरोब्बर दहा. म्हणजे ज्ञानेश्वर नावाच्या कुठल्याही खातेदाराचं आडनाव या उताऱ्यावर कधी छापलंच गेलं नव्हतं. आणि टेस्ट? टेस्ट हिरवी होती. कारण टेस्टमधलं 'अपेक्षित उत्तर' कोणीतरी कधीकाळी प्रोग्रामनेच छापलेल्या कागदावरून उतरवलं होतं. पायथन ३ वर तीच टेस्ट लाल झाली, कारण आता आडनाव यायला लागलं!

लाल टेस्ट म्हणजे कोड चुकला, असं आपण धरून चालतो. इथे कोड सुधारला होता आणि टेस्ट जुनी चूक जपून बसली होती. नवख्या माणसाला घाईत सुचतं ते असं: कोडमध्ये ३० च्या जागी १० करायचं. टेस्ट हिरवी होते आणि ज्ञानेश्वरचं आडनाव पुन्हा गायब.

देवनागरीच्या आणखी दोन खोड्या सांगते. खाते क्रमांक फक्त आकड्यांचा असावा म्हणून आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर ताडून बघण्याच्या साच्यात, 'बॅकस्लॅश डी' वापरलं होतं. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी आकडे. पायथन ३ मध्ये देवनागरी आकडेही त्यात बसतात, इतकंच काय, '१२३४' ही स्ट्रिंग इंट फंक्शनला दिली तर ते मुकाट तिची संख्या करून देतं. मराठी माणूस म्हणून छातीला बरं वाटतं, पण 'देवनागरी आकडे नाकारा' ही आमची टेस्ट लाल झाली.

दुसरी खोडी इझअल्फाची. नावात फक्त अक्षरं आहेत का, हे विचारणारं हे फंक्शन. पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगमधलं कुठलंच मराठी नाव त्यात पास होत नसे, त्यामुळे निदान समानता होती. पायथन ३ मध्ये 'कमल' पास होते आणि 'सीता' नापास, कारण वेलांटी आणि काना हे पायथनच्या लेखी अक्षर नव्हेत, अक्षराला जोडलेल्या खुणा आहेत. आमच्या टेस्टमध्ये नमुना म्हणून नेमकं 'कमल' टाकलं असतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा, एवढं एक इथेच सांगून टाकते. न लिहिल्यास लिनक्सवर चालतं आणि ग्राहकाच्या विंडोजवर मराठीच्या जागी टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं नाचतात.

एक रुपयाचा प्रश्न

सात भागिले दोन किती? पायथन २ म्हणायचं ३, पायथन ३ म्हणतं ३.५. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्वी अपूर्णांक फेकून द्यायचा, आता देत नाही. जुनं वागणं हवं असेल तर दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. टू-टू-थ्री याला हात लावत नाही, कारण नुसती ओळ वाचून त्याला कळणार तरी कसं की त्या चलांत पूर्णांक येणार आहेत की दशांश?

पूर्णांकात आणण्याचंही बदललं. राउंड(२.५) हे पायथन २ मध्ये ३ यायचं, पायथन ३ मध्ये २ येतं. नेमकं अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचं, असा नवा नियम आहे. त्यामुळे ३.५ चे ४ होतात, पण २.५ चे २. संख्याशास्त्रात याला अर्थ आहे, बेरजा एकाच बाजूला झुकत नाहीत. शाळेत 'अर्धा किंवा जास्त असेल तर पुढची संख्या' शिकलेल्या आपल्याला ते पचायला जड जातं.

आता हे दोन्ही एका ओळीत कसे भेटतात बघा. आमचं सूत्र असं होतं: मुद्दल गुणिले दर गुणिले महिने, भागिले १२००, आणि सगळ्यावर राउंड. दहा हजार, सात टक्के, पाच महिने. खरं उत्तर २९१.६६. पायथन २ मध्ये दर ७ हा पूर्णांक, म्हणून भागाकारातच ६६ पैसे गळायचे आणि राउंडच्या हाती २९१ यायचे. राउंड बिचारं काय करणार, २९१ च परत द्यायचं. पण दर साडेआठ टक्के असेल तर तो दशांश, मग भागाकार बरोबर व्हायचा आणि राउंडला खरं काम मिळायचं. म्हणजे पूर्ण टक्क्याच्या ठेवींवर पैसे खाली कापले जात होते आणि साडेआठच्या ठेवींवर नीट पूर्णांकात येत होते. एकाच संस्थेत, एकाच ओळीत. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, निदान आमच्या तरी.

पायथन ३ मध्ये पहिल्याचं उत्तर २९२ आलं. आणि सहा हजार, साडेआठ टक्के, एक महिना, म्हणजे साडेबेचाळीस रुपये, यांचं उत्तर पूर्वी ४३ होतं ते ४२ झालं. तीच ठेव तीन महिन्यांची केली तर साडेएकशेसत्तावीस, आणि ते दोन्हीकडे १२८. एक टेस्ट वर गेली, एक खाली आली, तिसरी जागची हलली नाही. २९१ की २९२? ४२ की ४३? याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं आणि टेस्टमध्येही नव्हतं. त्याकडे परत येते.

होयबा

आता त्या शुक्रवारच्या ४१२ हिरव्यांकडे. व्याजाच्या टेस्ट अशा लिहिलेल्या होत्या: मुद्दल, दर, महिने, अपेक्षित व्याज अशा ओळींची एक लांब यादी, आणि खाली एकच वाक्य, मॅप(तपासणी, यादी). यादीतल्या प्रत्येक ओळीवर तपासणी हे फंक्शन चालवा, इतकाच त्याचा अर्थ.

पायथन २ चं मॅप म्हणजे आज्ञाधारक गडी. यादी हातात दिली की तडक दुकानात जाऊन सगळा किराणा घेऊन यायचा. पायथन ३ चं मॅप यादी खिशात घालतं आणि बसून राहतं. तुम्ही एकेक जिन्नस मागाल तेव्हा ते एकेक आणून देईल. कोणी मागितलंच नाही तर ते जागचं हलत नाही. आमच्या टेस्टमध्ये त्या ओळीनंतर काहीच मागितलेलं नव्हतं. तपासणी एकदाही चालली नाही. चूक झाली नाही म्हणून टेस्ट हिरवी. काही केलंच नाही तर चूक होणार कशी?

टू-टू-थ्री वापरलं असतं तर त्याने मॅपला लिस्टमध्ये गुंडाळलं असतं, वर 'इथे फॉर लूप वापरा' अशी सूचनाही दिली असती. आमच्या मुलाने हाताने बदल केले होते. जिथे लाल दिसलं तिथे गेला, जिथे लाल नव्हतं तिथे कशाला जाईल? त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळे लालच्या मागे धावायला शिकलेले असतो.

फिल्टरचंही हेच. 'थकबाकीदार सापडले पाहिजेत' या टेस्टमध्ये असर्टट्रू(फिल्टर(...)) होतं. पायथन २ मध्ये कोणी सापडलं नाही तर रिकामी यादी यायची, ती असत्य मानली जायची आणि टेस्ट लाल व्हायची. पायथन ३ मध्ये फिल्टर यादी देतच नाही, एक वस्तू देतं, आणि ती वस्तू आतून रिकामी असली तरी सत्यच मानली जाते. ही टेस्ट आता कधीच लाल होणार नाही. आणि फिल्टरचं फळ एकदा वाचलं की संपतं: पहिल्या ओळीत बेरीज केली, दुसऱ्या ओळीत त्याच्यावर लूप फिरवला, तर लूपला काहीच मिळत नाही. आतल्या दहा असर्ट कोऱ्या करकरीत.

आणखी एक, जरा आडवळणाचं. वस्तू सत्य मानायची की असत्य, हे ठरवणाऱ्या मेथडचं नाव पायथन २ मध्ये नॉनझीरो होतं, पायथन ३ मध्ये बूल झालं. नाव बदलायचं राहिलं तर पायथन ३ तक्रार करत नाही. त्याला ती मेथड दिसतच नाही, आणि वस्तू कायम सत्य. 'खातं चालू आहे' हे असर्टट्रूने तपासणारी टेस्ट बंद खात्यालाही चालू म्हणते.

मॉकची जात तर जन्मजात होयबा. खरी एसएमएस सेवा न वापरता तिच्या जागी उभं केलेलं हे बुजगावणं. त्याला काहीही विचारा, ते हो म्हणतं. 'असर्ट_कॉल्ड_वन्स' म्हणजे 'तुला नेमकं एकदाच बोलावलं ना?' असा प्रश्न आपण विचारायचो. ही मेथड पायथनच्या मॉकमध्ये ३.६ पासून आली. त्याआधीच्या जुन्या मॉकला ती माहीतच नव्हती, पण न कळलेल्या प्रश्नालाही मान डोलवायची त्याची सवय. टेस्ट हिरवी. ३.५ पासून असर्टने सुरू होणाऱ्या अनोळखी नावांवर मॉक एरर देऊ लागलं, आणि ३.६ पासून ही मेथड खरंच मोजते. आमच्या तीन टेस्ट इथे लाल झाल्या. एसएमएस दोनदा जात होता. कधीपासून? पहिल्या दिवसापासून असणार.

बाइट आणि मजकूर यांची तुलनाही अशीच गुपचूप. पायथन ३ मध्ये त्या दोन वेगळ्या जाती आहेत, दिसायला सारख्या असल्या तरी समान नाहीत, आणि तुलना केली तर एरर न येता नुसतं 'असत्य' मिळतं. म्हणून 'पासवर्ड उघडा साठवलेला नाही' हे असर्टनॉटइक्वलने तपासणारी टेस्ट, डेटाबेसमधून बाइट येत असतील तर, पासवर्ड उघडा साठवला तरी हिरवीच राहील. यावर उपाय सोपा आहे: पायथन चालवताना 'मायनस बीबी' हा पर्याय द्या, अशी तुलना दिसली की ते तिथेच थांबतं.

एक हिरवी तर वेगळ्याच कारणाने हिरवी होती. लाभांशाच्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर आकड्यात न लिहिता मूळ कोडमधलंच सूत्र उतरवलं होतं: शेअर रक्कम गुणिले टक्के भागिले १००. २,५५० रुपयांवर ९ टक्के. पायथन २ मध्ये दोन्हीकडे २२९, पायथन ३ मध्ये दोन्हीकडे २२९.५. काटा आणि वजन एकाच मापाने सरकले. टेस्टमध्ये सूत्र लिहू नका, हाताने काढलेला आकडा लिहा.

मोजा, मग मुद्दाम मोडा

सोमवारी आम्ही काम पहिल्यापासून घेतलं. सर्वात आधी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि किती टेस्ट चालल्या ते जुळवलं. शेवटी 'रॅन अमुक टेस्ट्स' असं छापून येतं, त्याकडे कोणी बघत नाही. नोज या टेस्ट शोधून चालवणाऱ्या जुन्या साधनावर ४५० च्या आसपास चालायच्या, आता युनिटटेस्टवर ४१२. उरलेल्या कुठे गेल्या? नोज फाइलच्या नावात कुठेही टेस्ट हा सुटा शब्द दिसला की ती उचलायचं, युनिटटेस्टला नावाची सुरुवातच टेस्टने लागते. नावाच्या शेवटी टेस्ट असलेल्या फाइली युनिटटेस्टने उघडल्याही नव्हत्या. गंमत म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही तरी युनिटटेस्ट पूर्वी ओके म्हणायचं. ३.१२ पासून ते नापास धरतं, फार उशिरा सुचलेलं शहाणपण. नोजची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे आणि पायथन ३.१० पासून ते चालत नाही, त्यामुळे आम्ही पायटेस्ट या दुसऱ्या साधनावर गेलो. त्याला टेस्ट नावाच्या आधी असो वा नंतर, दोन्ही चालतं.

मग प्रत्येक फाइलमध्ये एक खोडी काढायची, मी शुक्रवारी १२०० चे १२ केले तशी. बेरजेच्या जागी वजाबाकी, 'पेक्षा मोठं'च्या जागी 'पेक्षा लहान'. टेस्ट लाल झाली तर खोडी मागे घ्यायची आणि पुढे जायचं. लाल झाली नाही तर तीच पकडून बसायचं. कंटाळवाणं काम आहे, दोघांनी मिळून करावं, चहा लागतो.

तिसरं, कोडमधला बदल आणि टेस्टमधल्या अपेक्षित उत्तराचा बदल एका कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत, कधीच नाही. आधी कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा करून घेतला. त्यासाठी सिक्स नावाची लायब्ररी आहे, दोन त्रिक सहा म्हणून सिक्स. मग पायथन २ बंद केलं. इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी २०१७ च्या पायकॉन या पायथन परिषदेत सांगितलं होतं की त्यांनी हेच स्थलांतर चालू गाडीत, वेगळी शाखा न काढता केलं. आमचा पसारा त्याच्या नखाएवढाही नाही, पण रीत तीच सोयीची पडली.

डिक्शनरीचा क्रम आणि रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारं बीज यांच्यावर विसंबलेल्या टेस्टही पडल्या. क्रम ३.७ पासून टाकल्या क्रमाने पक्का आहे. बीज तेच दिलं तरी रँडइंटचे आकडे दोन्ही आवृत्त्यांत वेगळे येतात. यात फार शोधायला काही नाही, टेस्ट नीट लिहायची.

असं करत शेवटी अकरा टेस्ट उरल्या. सगळ्या त्या एक रुपयाच्या. २९१ की २९२, ४२ की ४३. मुलाने विचारलं, "ताई, जुनं उत्तर आलं पाहिजे असंच कोड करू का? ग्राहकाला फरक दिसायला नको." करता आलं असतं. पण मी संस्थेच्या जुन्या लेखापालांना फोन लावला. निवृत्तीला आलेले गृहस्थ, संगणक येण्याआधीपासून तिथे. विचारलं, साडेबेचाळीस रुपये व्याज आलं तर तुम्ही किती धरता?

"त्रेचाळीस. पन्नास पैसे म्हणजे रुपया, मॅडम. पहिल्यापासून."

आणि दोनशे एक्क्याण्णव रुपये सहासष्ट पैसे?

"दोनशे ब्याण्णव. पण तुमचं मशीन एक्क्याण्णव दाखवतं ना." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून तर दर मार्चला आम्ही दोघं बसून एक-एक रुपयाची व्हाउचरं हाताने टाकतो. आम्हाला वाटलं, ते तसंच असतं."